बंदोबस्त तिचा, बीट कोणाचे?

बारामती तालुक्यातील मौजे कन्हेरी या गावाची कीर्ती तेथील मारुतीमुळे पंचक्रोशीच्या फार पलीकडे गेलेली आहे. निवडणुकीच्या प्रचाराचा पहिला नारळ या मारुतीपुढेच फोडावयाचा असा पवार घराण्याचा जुना शिरस्ता असून, पक्ष दुभंगल्यानंतर २०२४ साली तर या एकाच देवळापुढे दोन्ही बाजूंचे नारळ फुटले. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार या दोन स्त्रियाच एकमेकींसमोर उभ्या ठाकल्यामुळे, बारामतीच्या राजकारणात स्त्रीला केवढे स्थान प्राप्त झाले आहे या विषयावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने खर्ची घातले, आणि ते अनुचितही नव्हते. परंतु अशा प्रत्येक सभेच्या कडेला, गर्दी आणि व्यासपीठ यांच्यामधली दोरी हातात धरून सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या खाकी गणवेशातल्या ज्या स्त्रिया असतात, त्यांच्या स्थानाविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

स्त्रियांनी पोलिसांत जावे की न जावे, हा एके काळी मोठ्या हिरिरीने चर्चिला गेलेला प्रश्न आता निकालात निघाला आहे. १९९४ साली महाराष्ट्राने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले, तेव्हा मुख्यमंत्रिपदी याच तालुक्याचे शरद पवार होते. शासकीय सेवेतील ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखण्याचे तत्त्व त्या काळात रूढ झाले आणि पोलीस भरतीलाही ते लागू झाले. तेव्हापासून खात्यात आलेल्या मुलींची एक पिढी आता निवृत्तीकडे झुकली असून, तिच्या मागून दुसरी आली आहे. उरलेला प्रश्न अधिक अवघड आहे. खात्यात घेतलेल्या या स्त्रीच्या हाती आपण बंदोबस्ताची दोरी दिली, वायरलेसचा फोन दिला, संगणकाचा कळफलक दिला. परंतु ज्याच्या जोरावर पोलिसाला पोलीसपण येते ते बीट, म्हणजे ठरावीक गावांची आणि तेथल्या गुन्ह्यांच्या तपासाची जबाबदारी, तिच्या हाती देताना आपला हात अद्याप आखडतो. माझे म्हणणे एवढेच आहे की हा आखडता हात मोकळा झाल्यावाचून तिची नोकरी होईल, परंतु कारकीर्द होणार नाही.

या आखडत्या हाताला इतिहास आहे, आणि तो ठाण्याच्या आधी गावचावडीत शोधला पाहिजे. इंग्रजी अंमलाच्या कितीतरी आधीपासून आपल्या मुलखात गावच्या शांततेचा जिम्मा पाटलाकडे असे. महसुलाबरोबरच चोरीचा माग, तंट्याचा निवाडा आणि परक्या माणसाची विचारपूस ही कामे त्याच्याकडे चालत आलेली होती, आणि रखवालीस रामोशी व महार असत. पाटीलकी हे वतन असल्यामुळे ते वारशाने उतरे, आणि वारशाचा प्रश्न आला की मुलीचा प्रश्न येणे अपरिहार्य होते. इंग्रज सरकारने तो आपल्या पद्धतीने सोडविला. १८७४ साली वतनांचा कायदा झाला आणि मुंबई इलाख्याच्या १८८६ च्या पाचव्या अधिनियमाने, अखेरच्या पुरुष-वतनदाराची विधवा वगळता, वतनदार घराण्यातील प्रत्येक स्त्रीचा वारसाहक्क त्या घराण्यातील पात्र पुरुषांच्या मागे नेऊन ठेवला. अर्थात पोटची मुलगी मागे आणि तीन पिढ्यांपलीकडचा भाऊबंद पुढे, अशी ही व्यवस्था. आणि तिचे समर्थन असे की चावडीचे काम म्हणजे सरकारचाकरी, ती बाईमाणसाला कशी झेपावी? हा युक्तिवाद आज कायद्याच्या पुस्तकात उरलेला नाही. ठाण्याच्या हजेरीपटात तो कामवाटपाच्या वेळी अजून डोके वर काढतो.

वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली आणि तिच्या फौजदारी अंगाला १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नवे रूप मिळाले. आजचा पोलीस पाटील प्रांताधिकाऱ्याच्या हुकुमाने नेमला जातो; तो त्या गावचा रहिवासी, दहावी उत्तीर्ण आणि नेमणुकीच्या वेळी पंचवीस ते पंचेचाळीस वर्षे वयाचा असावा लागतो. स्त्रियांसाठी जागा राखीव असल्यामुळे सोडतीत ज्या गावाचे नाव स्त्री-राखीव म्हणून निघेल, तेथे पाटीलकी स्त्रीकडे जाते. १८८६ च्या कायद्याला मिळालेले याहून चोख उत्तर शोधूनही सापडणार नाही. मानधन अनेक वर्षे तुटपुंजे होते; २०२४ मध्ये ते दरमहा १५,००० रुपये करण्यात आले. कर्तव्यांची यादी मात्र पूर्वीइतकीच भारदस्त आहे: गावातील गुन्ह्यांची, आरोग्याची आणि एकंदर लोकस्थितीची माहिती दंडाधिकाऱ्यास कळविणे, शांतताभंगाची चाहूल लागताच वर्दी देणे, गुन्हा होऊ नये म्हणून खटपट करणे आणि झालाच तर अपराध्यास शोधण्यास ठाण्याला साह्य करणे.

या यादीतील एका कामाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. गावात एखादी विवाहिता विहिरीत सापडते, किंवा पिकासाठी आणलेले औषध तिच्या पोटात गेल्याचे कळते, तेव्हा ठाण्याला पहिली खबर बहुधा पोलीस पाटलाकडून जाते. ‘पाणी शेंदताना पाय घसरला’ किंवा ‘पोटदुखीला कंटाळून’ अशा शब्दांत ही खबर आकस्मिक मृत्यूच्या नोंदवहीत उतरते आणि पुढे पंचनामा, शवविच्छेदन, जबान्या यांची जी मालिका चालते तिच्यावर त्या पहिल्या चार शब्दांची छाया शेवटपर्यंत राहते. लग्नाला सात वर्षे पूर्ण होण्याआधी विवाहितेला असा मृत्यू आल्यास दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, असे कायदा सांगतो. परंतु दंडाधिकारी तालुक्याहून येईपर्यंत गावाने आपली कैफियत जुळवून ठेवलेली असते, आणि ती जुळवणाऱ्या मंडळींत पाटलाशी उठबस असलेला भाऊबंद असतोच. अशा वेळी पाटीलकी जर एखाद्या स्त्रीकडे असेल, बचत गटाच्या बैठकीत मयत मुलगी गेल्या महिन्यात का रडली होती हे जिला ठाऊक आहे, दिवाळीला माहेरी गेलेली ती महिनाभर परत का आली नव्हती हे जिने ऐकलेले आहे, तर त्या पहिल्या चार शब्दांत फरक पडण्याचा संभव तरी निर्माण होतो. संभव असे मी मुद्दाम म्हणतो. कारण अनेक ठिकाणी नेमणूक पत्नीची आणि पाटीलकी पतीची असा प्रकार चालतो, आणि ठाण्याचे अधिकारीही फोन पतीलाच करतात. हा दोष त्या स्त्रीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ज्या अधिकाऱ्याने तिला मासिक बैठकीला स्वतः बोलावले नाही, त्याला तो जाब विचारला पाहिजे.

चावडीवरून ठाण्याकडे वळावे, तर मध्ये भरतीचे मैदान लागते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पहाटे फिरावयास निघणाऱ्या कोणालाही कालव्याच्या भरावावर आणि डांबरी सडकेच्या कडेने धावणाऱ्या मुली दिसतील. पुरुषांना १६०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर. त्याखेरीज दोघांनाही १०० मीटर धाव आणि गोळाफेक. एकूण मैदानी परीक्षा ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. बारावी उत्तीर्ण असावे आणि मुलीची उंची किमान १५५ सेंटिमीटर भरावी. या धावणाऱ्या मुली बागायतदारांच्या घरच्या क्वचितच असतात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जेथवर पोचले तेथवर ऊस आणि उसाबरोबर पैसा पोचला. ते जेथे पोचले नाही त्या सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात दोन-चार एकर पडीक-पेरीव जमीन आणि चार शेळ्या यांच्या आधारावर घर चालविणाऱ्या बापाला मुलीच्या सरकारी नोकरीत घराच्या तारणाची आशा दिसते. मुलीला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ‘भरती होऊ दे, मग स्थळं बघा’ या एका वाक्यावर तिचे लग्न दोन-तीन वर्षे लांबणीवर पडते, आणि गणवेश अंगावर चढल्यावर तर बोलणी करताना तिचाही शब्द विचारात घेतला जातो. कोणत्याही प्रबोधनाने साधले नसते ते एका गोळाफेकीने साधलेले मी पाहिले आहे.

नऊ महिन्यांचे प्रशिक्षण पार पडते. कवायत, बंदूक, फौजदारी कायदे आणि पंचनाम्याचे धडे मुलामुलींना सारखेच दिले जातात. मग नेमणूक होते, आणि येथून दोघांच्या वाटा हलकेच फुटतात. मुलगा काही दिवस पहाऱ्यावर काढतो, मग एखाद्या जुन्या हवालदाराबरोबर बीटावर जाऊ लागतो, समन्स-वॉरंट घेऊन गावे फिरतो, कोणत्या वस्तीवर कोण राहतो आणि कोणाचे कोणाशी बांधावरून वैर आहे हे शिकतो. पुढे हुशार निघाला तर गुन्हे शोध पथकात आणि नशीब असेल तर स्थानिक गुन्हे शाखेत जातो, जेथे कामगिरी दिसते, बक्षीस मिळते आणि अधिकाऱ्याच्या तोंडी नाव राहते. मुलगी ठाण्यातच राहते. तिला बारनिशी, म्हणजे टपालाची आवक-जावक नोंद, मिळते, सीसीटीएनएस या संगणक-प्रणालीवर गुन्ह्यांची माहिती भरण्याचे काम मिळते, वायरलेस मिळतो, पारपत्राची पडताळणी मिळते, न्यायालयात कागद नेणे-आणणे मिळते. स्त्री-आरोपीची झडती असली, पीडितेला वैद्यकीय तपासणीस न्यावयाचे असले, मोर्चात बायका असल्या, की तिला हाक येते. ‘मॅडम, तुम्ही ठाण्यातच थांबा,’ हे वाक्य काळजीपोटी उच्चारले जाते याविषयी मला संशय नाही. परंतु दहा वर्षे हीच काळजी घेतल्यानंतर, अकराव्या वर्षी हवालदार झालेल्या त्याच मॅडमना ‘तुम्हाला तपासाचा अनुभव नाही’ असे ऐकविले जाते, तेव्हा त्या काळजीचा हिशेब मांडण्याची वेळ आलेली असते. २०२२ मध्ये शासनाने पोलीस नाईक हे मधले पद रद्द केले, त्यामुळे शिपायाला निवृत्तीपूर्वी उपनिरीक्षकाच्या हुद्द्यापर्यंत पोचण्याची वाट थोडी जवळची झाली. खांद्यावर तारे येतील. पण एकही खुनाचा तपास जिने आरंभापासून दोषारोपपत्रापर्यंत नेलेला नाही, तिने त्या ताऱ्यांचे काय करावे?

कायद्याने या बाबतीत उपकारही केला आहे आणि नकळत अपायही. १९७२ साली विदर्भातील देसाईगंज ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलीस शिपायांकडूनच अत्याचार झाल्याचा आरोप झाला, १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, आणि ‘मथुरा प्रकरण’ या नावाने देशभर संतापाची लाट उसळून १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला. तेव्हापासून प्रत्येक दुरुस्तीगणिक स्त्री-पोलिसाची आवश्यकता वाढत गेली. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करावयाची तर अपवादात्मक परिस्थिती, दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आणि स्त्री-अधिकारी यांवाचून करता येत नाही. लैंगिक अत्याचाराची फिर्याद स्त्री-अधिकाऱ्यानेच नोंदवावी लागते. बालकांच्या संरक्षणासाठी झालेल्या २०१२ च्या कायद्यात तर बालकाची जबानी घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशही घालू नये अशी हळुवार तरतूद आहे. हे सर्व योग्यच. परंतु याचा ठाण्यातला अर्थ असा झाला की स्त्री-पोलीस म्हणजे स्त्रियांच्या गुन्ह्यांपुरते पोलीस. चोरी, दरोडा, वाळूचा उपसा, जमिनीच्या कागदांतील फसवणूक, हे जणू पुरुषांचे विषय. आणि गंमत अशी की तपासाची सही नियमाप्रमाणे तिची असली तरी धावपळ आणि निर्णय पुष्कळदा दुसऱ्याचे असतात. कायद्याला तिची सही लागते म्हणून ती हजर असते.

स्त्रीच्या हाती खरोखरच काम सोपविले तर काय होते, याचा एक मोठा पडताळा शेजारच्या मध्य प्रदेशात घेण्यात आला. तेथील १८० ठाण्यांपैकी काहींत स्त्रियांसाठी मदत-कक्ष उघडले गेले, त्यांपैकी काही कक्ष चालविण्यास मुद्दाम स्त्री-अधिकारी नेमल्या गेल्या, आणि उरलेल्या ठाण्यांशी त्यांची तुलना झाली. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत-कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांवरील अत्याचाराच्या तक्रारी अधिक नोंदल्या गेल्या, आणि प्रथम खबर नोंदविण्यातली वाढ विशेषेकरून तेथे दिसली जेथे कक्षाची सूत्रे स्त्री-अधिकाऱ्याकडे होती. यातला ‘सूत्रे’ हा भाग आपण विसरतो. केवळ कोपऱ्यात एक टेबल मांडून त्यावर गुलाबी फलक लावल्याने हे घडत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप रात्रीच्या गस्तीचा आणि अंगबळाचा. बीटाचे काम म्हणजे रोज दरोडेखोरांशी झटापट अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी चित्रपट पाहणे थोडे कमी करावे. बीटाचे नव्वद टक्के काम ओळखीचे, बोलण्याचे, ऐकण्याचे आणि लिहिण्याचे आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि इंदापूरकडच्या कारखान्यांच्या भोवती बीड आणि अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात; पहाटे थंडीत मोळ्या वाहणाऱ्या, उघड्यावर न्हाणाऱ्या त्या बायकांना मुकादमाविषयी काही सांगावयाचे असले तर त्या ठाण्याची पायरी चढून सांगतील ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. आठवड्यातून एकदा कोपीवर येऊन चुलीपाशी बसणारी बीट अंमलदार स्त्री असेल, तरच ते शब्द बाहेर येतील. वस्त्रोद्योग संकुलातून रात्रपाळी संपवून निघणाऱ्या कामगार स्त्रियांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल.

आणि अंगबळाच्या प्रश्नाला दुसरे उत्तर भीमेच्या पलीकडे, सोलापूर जिल्ह्यात मिळाले आहे. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावातून आलेल्या तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना, २०२१ मध्ये त्यांनी हातभट्टीच्या प्रश्नाला हात घातला. वर्षानुवर्षे छापे पडत, पिंपे फुटत, गुन्हे दाखल होत आणि आठवड्याने भट्टी पुन्हा पेटे. सातपुते यांनी एकेक गाव आणि तांडा एकेका अधिकाऱ्याकडे दत्तक दिला, भट्टी लावणाऱ्या कुटुंबांशी बोलणी केली आणि त्यांना दुसऱ्या व्यवसायाकडे वळविण्याची खटपट केली. ‘ऑपरेशन परिवर्तन’ म्हणून तो उपक्रम गाजला. याला कोणी मवाळपणा म्हणो. छाप्याने जे झाले नव्हते ते काही प्रमाणात यातून झाले. त्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील कुर्डू गावी, बेकायदा मुरूम उपशावर कारवाईसाठी करमाळ्याच्या उपविभागीय पोलीस अधिकारी अंजना कृष्णा स्वतः गेल्या असता त्या वेळी उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवार यांचा फोन कार्यकर्त्याच्या हातातून त्यांच्या कानाशी आला, आणि हा आवाज त्यांचाच कशावरून, माझ्या क्रमांकावर फोन करावा, असे त्यांनी उत्तर दिले, हा २०२५ मधला प्रसंग सर्व महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिला. कायद्यात हस्तक्षेप करण्याचा आपला हेतू नव्हता आणि स्त्री-अधिकाऱ्यांविषयी आपल्याला आदर आहे, असे पवार यांनी नंतर सांगितले. त्या वादाच्या राजकारणात मला येथे शिरावयाचे नाही. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की ती अधिकारी त्या क्षणी खाणीच्या तोंडाशी, जमावाच्या मध्यभागी, निर्णय घेण्याच्या जागी उभी होती. थेट भारतीय पोलीस सेवेतून आलेल्या स्त्रीला ही जागा मिळते. कन्हेरीच्या शेजारच्या गावातून शिपाई म्हणून भरती झालेल्या मुलीला तिच्या कुवतीप्रमाणे ती का मिळू नये?

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, आणि तो पुष्कळदा स्त्री-पोलिसांकडूनच येतो. बीट नको, ठाण्यातले काम बरे, असे त्या स्वतः मागून घेतात. हे खरे आहे. पण का मागतात? तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, इंदापूर अशी जाते तेव्हाचा बंदोबस्त ज्यांनी केला आहे त्या स्त्रियांना विचारावे. दिवसभर पाणी जपून प्यावे लागते, कारण स्वच्छतागृह कोठे असेल याची शाश्वती नसते. मूल लहान, नवरा दुसऱ्या जिल्ह्यात, निवासस्थान मिळालेले नाही किंवा मिळालेले गळके, सासू आजारी. अशा स्थितीत कोणताही शहाणा मनुष्य ठरावीक वेळेचे टेबल मागेल. शासनाने मुलांच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा दिली आहे, ती उपकारक आहे. ठाण्याच्या आवारात पाळणाघर असते तर ती रजा घेण्याची वेळच कमी आली असती.

या संदर्भात आठ तासांच्या पाळीविषयी लिहिणे भाग आहे, कारण तो प्रयोग आरंभी ज्या मोजक्या ठिकाणी झाला त्यांत आपला पुणे ग्रामीण जिल्हा होता. २०२१ मध्ये नागपूर शहर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीण येथे स्त्री-पोलिसांची पाळी बारा तासांवरून आठ तासांवर आणली गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये राज्यभर तसा आदेश निघाला. हेतू स्तुत्य. तथापि मला ही सवलत अर्धवट वाटते. बारा तास राबणे पुरुषालाही अमानुष आहे, त्यालाही मूल आहे आणि रक्तदाबही आहे. सवलत फक्त स्त्रीला दिली की सहकारी मनातून कुढतो, आणि प्रभारी अधिकारी सोयीस्करपणे म्हणतो की तपासाला घड्याळ नसते, तेव्हा आठ तासांची माणसे मला तपासाला नकोत. एका हाताने वेळ दिला आणि दुसऱ्या हाताने काम काढून घेतले, असे झाले. मनुष्यबळ वाढवून पाळी सर्वांचीच आठ तासांची करावी. ते होईतो ‘हिला बीट का नाही’ या प्रश्नाला घड्याळाचे उत्तर चालवून घेऊ नये.

स्त्रिया आल्या म्हणजे खाते आपोआप शुद्ध आणि सहृदय होईल, अशी भाबडी आशा मी बाळगत नाही. मार खाऊन आलेल्या बाईला ‘जुळवून घे गं’ असा उपदेश करणाऱ्या स्त्री-पोलीसही आहेत, आणि चिरीमिरीला लिंगभेद नसतो. स्त्रीला बीट मिळावे ते ती पुरुषाहून सद्गुणी आहे म्हणून नव्हे. तिने तीच परीक्षा दिली, तेच प्रशिक्षण घेतले आणि त्याच कामाचा पगार ती घेते, म्हणून. उलट, खात्याच्या आतही तिला संरक्षण लागते हे आपण विसरता कामा नये. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांचा २०१६ मध्ये खून झाला, आणि त्यांच्याच खात्यातील एका निरीक्षकाला त्यासाठी जन्मठेप होण्यास २०२५ साल उजाडावे लागले. अधिकारी असलेल्या स्त्रीच्या कुटुंबाला नऊ वर्षे झगडावे लागते, तर साध्या शिपाई मुलीने अंतर्गत समितीपुढे तक्रार करण्याचे धैर्य कोठून आणावे?

वरच्या पदांची उदाहरणे आपल्याकडे आहेत. मीरां चढ्ढा-बोरवणकर पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त झाल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक. देशातील पोलीस दलांत स्त्रियांचे प्रमाण मात्र अजून बारा टक्क्यांच्या आसपास घोटाळते आहे, आणि प्रत्येक ठाण्यात किमान तीन स्त्री-उपनिरीक्षक व दहा स्त्री-शिपाई असावेत ही केंद्रीय गृह मंत्रालयाची २०१३ ची सूचना कागदावरून पुरती खाली उतरलेली नाही. बारामतीत २०२४ मध्ये मुलींच्या सुरक्षेसाठी ‘शक्ती अभियान’ सुरू झाले. शाळा-महाविद्यालयांतून तक्रारपेट्या लागल्या, फोनचा एक क्रमांक दिला गेला, पथके फिरू लागली. चांगले झाले. तरीही पथकातली स्त्री-पोलीस संध्याकाळी महाविद्यालयाच्या फाटकावरून परत ठाण्यात येऊन बारनिशीच्या टेबलावरच बसणार असेल, तर टवाळखोरांना हुसकावणे एवढेच तिच्या वाट्याला आले असे म्हणावे लागेल.

या मुलखाला स्त्रीच्या हाती अधिकार देण्याची सवय नाही असे कोणी म्हणू नये. देश पारतंत्र्यात असतानाच काटेवाडीच्या शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या. त्या काळच्या मतदारांना जे जमले ते आजच्या ठाणे प्रमुखांना जड जाऊ नये. पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांनी बारामती शहर, बारामती तालुका, वडगाव निंबाळकर, माळेगाव, सुपे, इंदापूर, भिगवण आणि वालचंदनगर या ठाण्यांत किती बीटे स्त्रियांकडे आहेत, किती गंभीर गुन्ह्यांचा तपास त्यांच्याकडे आहे आणि गुन्हे शोध पथकांत त्या किती आहेत, एवढा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करावा. आणि प्रत्येक ठाण्यात निदान एका बीटावर, जुन्या जाणत्या हवालदाराची जोड देऊन, स्त्री-अंमलदार नेमावी. प्रांताधिकाऱ्यांनी स्त्री-पोलीस पाटलांच्या बैठकीला त्यांच्या पतींना बसू देऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि तिजोरीतून पैही खर्च होत नाही. वाचकांनाही एक विनंती आहे. आपल्या गावचे बीट कोणाकडे आहे हे एकदा ठाण्यात जाऊन विचारावे, आणि गेल्या दहा वर्षांत तेथे एकदाही स्त्रीचे नाव आलेले नसेल, तर त्याचे कारणही विचारूनच परतावे.